साडेसदतीस

सुदर्शन गावंडेला आयुष्यात एकाच गोष्टीची चीड होती, ती म्हणजे अंदाजपंचे बोलणं. ‘जरा गरम लागतंय’ असं कुणी म्हटलं की तो शांतपणे विचारी, “किती अंश?” हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत तो तापमापक तपासायचं काम करी. दवाखाने, डेअऱ्या, औषधांची गोदामं आपापले तापमापक पाठवत, आणि त्यांतला कुठला किती खोटं बोलतो हे सुदर्शन कागदावर लिहून खाली सही ठोकून देई. एकोणीस वर्षं हेच. अशा माणसाशी घरी गप्पा मारण्यात फारशी मजा नसते, असं त्याची बायको रुपाली म्हणे. ती पुण्याचीच असल्यामुळे त्याच्या तोंडावर म्हणे.

तर अशा माणसानं वारज्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंबडीची अंडी उबवायला घेतली. त्याला कारण त्याची आई.

द्वारकाबाई यवतमाळकडच्या. नवरा गेल्यावर दोन वर्षं गावच्या घरात एकट्याच राहिल्या, मग एकदा न्हाणीत पडल्या, आणि सुदर्शननं त्यांना गाडीत घालून पुण्याला आणलं. गावी त्यांच्या वीस-पंचवीस कोंबड्या होत्या. त्या शेजारपाजारी वाटून टाकल्या तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. पुण्यात आल्यावरही बोलल्या नाहीत. दोन भाकऱ्या खाणारी बाई एकीवर आली, मग अर्ध्यावर. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, “आजार काही नाही हो. मन लागत नाहीये. काहीतरी उद्योग द्या त्यांना, नाहीतर अशी माणसं हळूहळू उतरत जातात.”

आठ महिन्यांत आईचं वजन सात किलोनं उतरलं होतं. आपण तिला इथं आणलं आणि आणताना साधं विचारलंसुद्धा नाही, हे सुदर्शनला पक्कं ठाऊक होतं. ती या खोलीत अशीच विझून जाणार, याची त्याला भीती वाटत होती. ही भीती त्यानं रुपालीलाही सांगितली नव्हती.

जानेवारीतल्या एका सकाळी चहा देताना त्यानं विचारलं, “आई, अंडी उबवायची का?”

द्वारकाबाईंनी भिंतीवरून नजर काढली. “कोंबडी कुठं हाय तुह्यापाशी?”

“कोंबडीची गरज नाही. मी पेटी बनवतो.”

“पेटी काय उबवते रे,” त्या म्हणाल्या. पण उठून बसल्या.

पेटी त्यानं दोन रविवारांत बनवली. औषधं ठेवायचा थर्माकोलचा जाड खोका, आत साठ वॅटचा बल्ब, जुन्या संगणकातला पंखा, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी, झाकणाला काचेची चौकट आणि बाहेर थर्मोस्टॅट. तापमान उतरलं की थर्मोस्टॅट ‘टिक’ करून बल्ब लावणार, चढलं की ‘टिक’ करून विझवणार. साडेसदतीस अंश, एकवीस दिवस. शिवाय प्रयोगशाळेतून आणलेलं एक नोंदयंत्र आत ठेवलं, ते दर पाच मिनिटांनी तापमान टिपून आलेख काढायचं. रुपाली म्हणाली, “कोंबडी एवढा विचार करत असेल असं वाटत नाही.”

पिरंगुटहून डझनभर गावरान अंडी आली. द्वारकाबाईंनी ती एकेक करून कानाशी हलवली, प्रकाशात धरली आणि एक बाजूला काढून ठेवलं. “जोडीनं नाही बसवत. अकराच ठेव.” बारावं अंडं रुपालीनं सकाळच्या ऑम्लेटला वापरलं. उरलेल्या अकरांवर सुदर्शननं पेन्सिलीनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे दिवसातून तीनदा फिरवताना चूक नको. सोमवारी सकाळी सात वाजता अंडी पेटीत गेली. पेटी आईच्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर.

त्या दिवसापासून द्वारकाबाई भिंतीकडे वळल्या नाहीत. टेबलाजवळ खुर्ची ओढून घेतली आणि झाकणावर हात ठेवून बसल्या. अंडी फिरवायचं काम त्यांनीच घेतलं. तिसऱ्या दिवशी रुपालीला गावच्या एका खुडूक कोंबडीची गोष्ट सांगितली, ती म्हणे अंड्यांवरून उठेना म्हणून तिला पाण्यात बुडवून काढली तरी पुन्हा जाऊन बसली. पाचव्या दिवशी वरणात हिंग कमी पडला म्हणून तक्रार केली. रुपालीनं ऑफिसात फोन करून ती तक्रार सुदर्शनला जशीच्या तशी ऐकवली, आणि सुदर्शनला प्रयोगशाळेच्या जिन्यात उभ्या उभ्या डोळे पुसावे लागले.

सातव्या दिवशी त्यानं अंधार करून अंड्यांखाली टॉर्च धरला. नऊ अंड्यांत लाल रेषांची जाळी आणि मध्ये एक हलणारा ठिपका. दोन कोरी निघाली, ती काढून टाकली. द्वारकाबाईंनी टॉर्चकडे पाहिलंही नाही. कोणती दोन कोरी आहेत ते त्यांनी आधीच बोट ठेवून दाखवलं होतं.

दहाव्या दिवशी सुदर्शनच्या लक्षात आलं की खोलीत ‘टिक’ ऐकू येत नाही.

त्यानं काचेतून पाहिलं. बल्ब बंद. पाच मिनिटं थांबला, तरी बंद. बल्ब काढून कानाशी हलवला तर आत तार वाजली. उडाला होता. बाहेर त्या सकाळी अकरा अंश होते, खोलीत अठरा. पेटीत साडेसदतीस.

आधी त्यानं नवा बल्ब लावला. तो लागलाच नाही, कारण तापमान उतरतच नव्हतं. मग त्यानं नोंदयंत्राचा आलेख काढला. पहिले सहा दिवस रेघ हवी तशी होती, करवतीच्या दातांसारखी खालीवर. सातव्या दिवसाच्या दुपारपासून ती सपाट झाली होती. साडेसदतीसवर, जवळजवळ तीन दिवस, जरासुद्धा न हलता. अशी सरळ रेघ सुदर्शननं आजवर फक्त बंद पडलेल्या यंत्रांची पाहिली होती. त्यानं दुसरं यंत्र आणून आत ठेवलं. त्यानंही साडेसदतीसच दाखवलं.

“बल्ब उडालाय पेटीतला,” त्यानं आईला सांगितलं. “तुला कळलं नाही?”

“मले कशाले बल्ब?” द्वारकाबाई म्हणाल्या. झाकणावरचा हात त्यांनी काढला नाही.

बाराव्या दिवशी रुपालीनं त्यांना औषधाची गोळी देताना हात हातात घेतला आणि दचकली. थर्मामीटर आणून काखेत लावला. घरच्या थर्मामीटरवर सुदर्शननं फॅरनहाइट बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे आकडा थेट आला. पस्तीस पूर्णांक एक.

आता इथं सुदर्शनकडून जी चूक झाली, ती त्याच्या धंद्यातल्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. समोर आई बसलेली, गालावर लाली, ताटात दुसऱ्यांदा घेतलेला भात. माणूस ठणठणीत आणि आकडा चुकीचा, म्हणजे यंत्र चुकीचं. एकोणीस वर्षांत हजार वेळा हेच निघालं होतं. रुपाली म्हणाली, “स्वतःला लावून बघा की एकदा.” पण त्याला ऑफिसला उशीर होत होता. त्यानं एक छोटी चिठ्ठी कापली, तिच्यावर ‘+१.५’ लिहिलं आणि थर्मामीटरवर चिकटवली. म्हणजे येईल त्या आकड्यात दीड मिळवायचा. न तपासता अशी चिठ्ठी लावणाऱ्या पोराला त्यानं प्रयोगशाळेत उभं राहून झापलं असतं.

त्या चिठ्ठीच्या भरवशावर आणखी तीन दिवस गेले. रुपाली रोज दीड मिळवत राहिली. पंधराव्या दिवशी दीड मिळवूनही आकडा चौतीसवर आला, तेव्हा सुदर्शननं थर्मामीटर खिशात घातला आणि प्रयोगशाळेत नेऊन पाण्याच्या कुंडात बुडवला. कुंड सदतीसला, थर्मामीटर सदतीस. कुंड पस्तीसला, थर्मामीटर पस्तीस. कुंड तेहतीसला, थर्मामीटर तेहतीस.

त्याच्यात खोट नव्हतीच कधी. सुदर्शन स्टुलावर बसला आणि नखानं ती चिठ्ठी खरवडून काढली. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की रविराजनं, म्हणजे त्याच्या हाताखालच्या सहकाऱ्यानं, “सर, चहा?” विचारलं तरी त्याला मान वर करता आली नाही.

डॉक्टर संध्याकाळी घरी येऊन गेले. नाडी बरी, रक्तदाब बरा, भूक उत्तम. “वजन वाढलंय की यांचं,” ते म्हणाले. “या वयात अंग गारच लागतं. स्वेटर घाला.” आकडा सांगितल्यावर ते हसले आणि नवा थर्मामीटर घ्यायचा सल्ला देऊन निघाले.

ते गेल्यावर सुदर्शननं आईसमोर पेटीची पिन काढली. थर्मोस्टॅट विझला, पंखा थांबला. दोघं बसून राहिली. तासाभरानं नोंदयंत्र पाहिलं. साडेसदतीस.

“आई, तुझं अंग गार पडत चाललंय.”

“त्यायचं तर गरम हाय न,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“अंडी काढून टाकू?”

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “कोंबडी एकवीस रोज उठत नाही, सुदर्शन. उठली तर गेलं सारं. मले बरं वाटते इथं. लय दिसायनं बरं वाटते. तू काहाले बोट घालतं?”

उष्णता कुठूनतरी यावी लागते, एवढंच त्याला माहीत होतं. पेटीला वायर नव्हती. दिवसभर त्या खोलीत जिवंत असं आईखेरीज कुणी नसे.

सोळाव्या दिवशी त्यानं पेटी स्वयंपाकघरात हलवली आणि दार लावून घेतलं. आकडे हलले नाहीत. पेटी तिथे साडेसदतीस, आई इथे बत्तीस पूर्णांक तीन. सतराव्या दिवशी सकाळी थर्मामीटरनं आकडा दाखवायचंच सोडलं. बत्तीसच्या खाली गेलं की तो नुसतं ‘L’ दाखवतो. द्वारकाबाई पोहे खात होत्या आणि वर लिंबू मागत होत्या.

दुपारी त्या झोपल्या तेव्हा सुदर्शननं नऊ अंडी टॉवेल घातलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा पायांशी धरला आणि स्कूटरवरून हडपसर गाठलं. काय करायचं ते त्यानं ठरवलं होतं. प्रयोगशाळेत तापमापक तपासायचं एक मोठं चेंबर होतं, फ्रिजएवढं, काचेच्या दाराचं. हवं ते तापमान लावा, आत तेवढंच राहतं. अंडी त्यात ठेवायची आणि थंड करायची. नऊ जीव जाणार, याचं त्याला वाईट वाटत होतं. आई पुन्हा भिंतीकडे वळेल, याचं जास्त वाटत होतं. पण ती असेल तरी.

त्यानं चेंबर दहा अंशांवर लावलं. अर्ध्या तासात आतली हवा दहावर आली. एका अंड्याला टेकवलेला प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाची तापमान मोजणारी कांडी, साडेसदतीस दाखवत होता.

तासाभरानंही साडेसदतीस.

फोन वाजला. रुपाली होती. “आईंना हुडहुडी भरलीय. ओठ निळे पडलेत. दोन रजया घातल्या तरी दात वाजतायत. तुम्ही अंडी कुठे नेलीत?”

सुदर्शननं चेंबरवरच्या दहाच्या आकड्याकडे पाहिलं. आणि त्या क्षणी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्याचं डोकं नीट चाललं. बाहेर जितकं थंड, तितकी उष्णता जास्त लागणार. अंड्यांभोवती अठरा अंश होते तेव्हा ती थोडी थोडी जात होती. त्यानं दहा केले तेव्हा भसाभस जाऊ लागली. बाहेरही साडेसदतीसच असलं तर? मग कुणाकडूनच काही घ्यावं लागणार नाही.

त्यानं चेंबरचा आकडा बदलला. ३७.५.

“थांब,” तो फोनवर म्हणाला. “ठेवू नकोस. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लाव आणि मला सांग.”

चेंबरमधली हवा चढत गेली. वीस, सत्तावीस, तेहतीस. पलीकडून रुपाली सांगत होती. L. L. मग बत्तीस पूर्णांक दोन. चौतीस. छत्तीस. अंधार पडायच्या आत द्वारकाबाईंनी रजया फेकल्या होत्या आणि चहा मागितला होता.

सुदर्शन चेंबरच्या काचेला कपाळ टेकून थोडा वेळ उभा राहिला. आई वाचली होती. त्याला इतका आनंद झाला होता की कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती, आणि तिथं फक्त रविराज होता.

अंडी चेंबरमध्येच राहिली. अठराव्या दिवसानंतर ती फिरवायची नसतात, तेव्हा प्रश्न नव्हता. वाटीभर पाणी आत ठेवलं. साहेबांना ‘एक चाचणी चाललीय’ असं सांगितलं. साहेबांनी काय ते विचारलं नाही.

घरी सगळं छान होतं. द्वारकाबाई अंड्यांबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. भिंतीकडेही वळत नव्हत्या. शुक्रवारी त्या लिफ्टनं एकट्या खाली जाऊन आल्या आणि वॉचमनच्या बायकोला मेथी निवडून देऊन आल्या. रुपाली सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून आकडा कळवत होती. साडेसदतीस. साडेसदतीस. साडेसदतीस.

“जरा जास्तच आहे, नाही?” ती म्हणाली. “आणि माणसाचं सकाळ-संध्याकाळी थोडं वेगळं नसतं का?”

“असू दे,” सुदर्शन म्हणाला. आकड्याबद्दल ‘असू दे’ तो लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणत होता.

शनिवारी विसावा दिवस भरला. सकाळी अंड्यांच्या आतून बारीक चिवचिव येऊ लागली. अकरा वाजता पहिलं कवच तडकलं. दोन वाजेपर्यंत नऊच्या नऊ पिल्लं बाहेर होती, ओली, डुलणारी, एकमेकांवर पडणारी. अर्ध्या दिवसाची सुट्टी असल्यानं प्रयोगशाळा रिकामी झाली होती. रविराज आतल्या खोलीत पुढच्या आठवड्याची यादी लिहीत होता. सुदर्शननं घरची पेटी आणून टेबलावर ठेवली होती. नव्या बल्बनं ती नीट तापत होती, टिक टिक वाजत होती. पिल्लं वाळली की त्यांना तिच्यात हलवायचं आणि घरी न्यायचं.

चार वाजता त्यानं घरी फोन लावून स्पीकरवर टाकला. “निघाली सगळी. नऊ. आईला सांग.”

“आई, पिल्लं निघाली, नऊच्या नऊ,” पलीकडे रुपालीचा आवाज आला. द्वारकाबाई हसल्या. दुरून का होईना, ते हसू त्यानं ऐकलं.

त्यानं चेंबरचं दार उघडलं आणि एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन पेटीत ठेवू लागला. सात झाली. आठ झाली. चेंबरचा आकडा उतरत होता. छत्तीस. पस्तीस.

“दार कोनं उघडलं वो?” फोनमधून आईचा आवाज आला. “गार वारं येऊन रायलं.”

“दार बंद आहे, आई. खिडकीपण बंद आहे.”

सुदर्शनच्या हातात नववं पिल्लू होतं. ते त्यानं पेटीत ठेवलं. पेटीचं झाकण लावलं. मग चेंबरचं दार हळूच लोटलं. आकडा चढला. छत्तीस. सदतीस.

“हां,” द्वारकाबाई म्हणाल्या. “लागलं.”

चेंबरमध्ये आता काही नव्हतं. नऊ फुटकी कवचं आणि पाण्याची वाटी.

एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. ही एकोणीस वर्षांची सवय होती, तिनंच त्याचा हात पुढे नेला. त्यानं पुन्हा दार उघडलं.

“अगं लाव न दार,” आई म्हणाली. आवाज थरथरत होता.

त्यानं लावलं.

तिसऱ्यांदा त्याची छाती झाली नाही.

तो तसाच उभा राहिला, दाराच्या मुठीवर हात दाबून धरून. पेटीत पिल्लं चिवचिवत होती. आतल्या खोलीतून रविराज आला, त्यानं चेंबरच्या अंगावर पुढच्या आठवड्याची यादी चिकटवली आणि वरून खालपर्यंत सारखी केली. सोमवार, सकाळी नऊ, गोदामाचे बारा प्रोब, उणे वीस.

“झालं ना सर तुमचं?” तो म्हणाला. त्यानं काचेतून आत डोकावून पाहिलं. “मग बंद करतो. रिकामंच चाललंय.”

फोन अजून सुरू होता. पलीकडे द्वारकाबाई रुपालीला सांगत होत्या की चहा कपात नको, गिलासात दे, जास्त वेळ गरम राहतो.